टीनएज मालिकेत प्रेमभंग आणि स्वप्नभंग दोन्ही खरे वाटतील असा एपिसोड कोणता?

'फ्रायडे नाइट लाइट्स' या अमेरिकन मालिकेचा पहिलाच भाग बघा, 2006 चा. टेक्सासमधलं डिलन हे काल्पनिक गाव. सगळ्यांची भिस्त शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या जेसन स्ट्रीट या क्वार्टरबॅकवर (पास देऊन संघाचा खेळ चालवणारा खेळाडू). हंगामाचा पहिला सामना. त्याचा पास प्रतिस्पर्ध्याने पकडला, अडवायला जेसन स्वतः धावला आणि मणक्यालाच मार बसला. करिअर तिथेच संपलं. बदली आलेला मॅट सॅरसन सामना जिंकून देतो, पण तो जल्लोष बघवत नाही.

प्रेमभंग पुढच्या भागांत येतो. जेसनची प्रेयसी लायला त्याला 'तू बरा होशील' म्हणत राहते, त्याचा जिवलग मित्र टिम रिगिन्स हॉस्पिटलकडे फिरकायचं टाळतो आणि मग हे दोघंच एकमेकांत गुंततात. रडारड बेताची, म्हणूनच जास्त लागतं. (अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी अडत नाही.)