ॲक्समिन्स्टर, ब्रिंटन्स आणि गालिच्याच्या पोटात दडलेली लोकर

नमस्कार. आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पिरंगुटच्या पुढे उरवड्याला ज्यांचा कारखाना आहे ती ब्रिंटन्स कंपनी 1783 पासून चालू आहे हे खरे का, आणि खरे असेल तर गालिचे विणण्याच्या धंद्यात एवढे टिकण्यासारखे काय आहे, ही पहिली गोष्ट. आपल्या हॉटेलच्या नूतनीकरणात विणलेल्या ॲक्समिन्स्टर गालिच्याचा दर टफ्टेड (तयार कापडात धागा टोचून केलेल्या) गालिच्याच्या दुपटीहून जास्त का सांगितला गेला, ही दुसरी. गेली 27 वर्षे मी पुण्यात आणि आसपास हॉटेलांत व सभागृहांत गालिचे बसवून देण्याचे काम करतो. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते गालिच्याच्या पाठीवर वाचता येते.

1783 हे वर्ष खरे आहे. कंपनीचा मूळ पुरुष विल्यम ब्रिंटन आणि मूळ गाव इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यातले किडरमिन्स्टर. स्टाउर नदीच्या काठी वसलेल्या या गावात लोकरी कापडाचा धंदा त्याच्याही आधीपासून होता. गालिच्यांचे विणकाम तेथे 1735 च्या सुमारास सुरू झाले, पण त्या पहिल्या गालिच्यांना लव, म्हणजे वर उभे राहणारे लोकरीचे धागे, नव्हती. आपली सतरंजी जशी दोन्ही बाजूंनी सपाट असते, तसेच ते दोन रंगांच्या कापडांचे एकमेकांत गुंतवलेले जाड विणकाम होते. उलटे केले की त्याच नक्षीचे रंग अदलाबदल होऊन दिसत. पुढे 1749 मध्ये जॉन ब्रूम नावाच्या कारखानदाराने ब्रसेल्स पद्धतीचा माग किडरमिन्स्टरमध्ये उभा केला आणि गावाचे नशीब बदलले. ब्रिंटन घराणे या धंद्यात आले ते त्यानंतर, म्हणजे गाव गालिच्यांसाठी नावाजले गेल्यावर.

ब्रसेल्स गालिचा कसा विणला जातो हे नीट समजून घेतले तर पुढची शंभर वर्षे आपोआप उलगडतात, म्हणून येथे थोडा थांबतो. ताण्याच्या उभ्या धाग्यांबरोबर रंगीत लोकरीचे धागेही उभेच सोडलेले असतात. नक्षीत पाच रंग असतील तर प्रत्येक जागी पाच धागे एकावर एक असतात. ज्या ठिकाणी तांबडा हवा तेथे फक्त तांबडा धागा वर उचलायचा, त्याखाली आडवी तार घालायची आणि तार काढून घेतली की धाग्याचा लहानसा फास वर उभा राहतो. हे फास कापले तर त्याला विल्टन म्हणतात आणि न कापता ठेवले तर ब्रसेल्स. उरलेल्या चार रंगांचे धागे मात्र गालिच्याच्या पोटातून सरळ पुढे जातात. ते कोणाला दिसत नाहीत, त्यांच्यावर कोणाचा पाय पडत नाही, पण त्या लोकरीचे पैसे गिऱ्हाइकाने मोजलेले असतात. गालिचा वजनदार, दाट आणि टिकाऊ होतो हे खरे, तरी रंग वाढवला की न दिसणारी लोकरही वाढते. या धंद्यातला मोठा खर्च यंत्राचा किंवा मजुरीचा असेल असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात तो पहिल्यापासून लोकरीचा आहे.

एकोणिसाव्या शतकातला प्रत्येक मोठा शोध ही पोटातली लोकर वाचवण्यासाठी लागला, असे म्हटले तरी चालेल. 1832 मध्ये एडिंबरोच्या रिचर्ड व्हायटॉक यांनी धागा विणण्याआधीच एका मोठ्या पिंपावर गुंडाळून त्यावर लांबट नक्षी छापण्याची युक्ती काढली, त्यामुळे पाच धाग्यांचे काम एकाच धाग्यावर होऊ लागले. रंग मात्र कडेला थोडे पसरत. 1839 मध्ये ग्लासगोच्या जेम्स टेम्पलटन यांनी पेझली गावच्या शालींच्या विणकामातली एक रीत गालिच्याला लावली. पेझलीच्या या शाली मुळात काश्मिरी शालींची नक्कल म्हणून विणल्या जात होत्या, ही गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. टेम्पलटन आधी लोकरीची केसाळ पट्टी विणून घेत आणि मग ती पट्टी गालिच्यात बाण्यासारखी, म्हणजे आडव्या धाग्यासारखी, घालत. दिसायला हा गालिचा हाताने गाठी मारलेल्या गालिच्यासारखा होता, म्हणून त्याला ॲक्समिन्स्टर हे नाव मिळाले.

या नावाबद्दल नेहमी गैरसमज होतो. ॲक्समिन्स्टर हे डेव्हन परगण्यातले गाव. तेथे 1755 मध्ये टॉमस व्हिटी यांनी तुर्की गालिचे पाहून हाताने गाठी मारलेले गालिचे विणायला सुरुवात केली आणि 1835 पर्यंत तो कारखाना संपलाही. त्याचे माग विल्टनला गेले, नाव मात्र मागे राहिले आणि ते यंत्राने विणलेल्या, पण लव कापून बसवलेल्या गालिच्यांना चिकटले. त्यामुळे आपल्या कोटेशनमध्ये ॲक्समिन्स्टर लिहिले असेल तर ते विणकामाच्या पद्धतीचे नाव आहे, कंपनीचे नव्हे.

आता किडरमिन्स्टरकडे वळतो. तेथला विणकर हातमागावर काम करी आणि त्याच्या हाताखाली तारा घालायला, धागे ओढायला एक पोर असे. 1825 च्या सुमारास जॅकार्ड यंत्र आले आणि नक्षीचे काम भोकांच्या पुठ्ठ्यांकडे गेले. तीनच वर्षांनी, 1828 मध्ये, मालकांनी दर वारामागे एक शिलिंगची (12 पेनी) मजुरी 10 पेनीवर आणली. विणकरांनी संप पुकारला, तो सुमारे पाच महिने चालला आणि मोडला. विणकरांच्या बाजूने लिहिणारे हंफ्री प्राइस हे धर्मगुरू बदनामीच्या खटल्यात तुरुंगात गेले. आपल्याकडच्या कापड गिरण्यांच्या संपांची आठवण ज्यांना आहे, त्यांना यातले फारसे काही नवे वाटणार नाही, पण गालिच्यांच्या इतिहासात हे पान बहुतेक वेळा वगळले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

यंत्रमागाने दुसरा धक्का दिला. अमेरिकेतल्या इरॅस्टस बिगेलो यांनी ब्रसेल्स गालिच्याचा यंत्रमाग तयार केला आणि त्याचे ब्रिटनमधले हक्क हॅलिफॅक्सच्या क्रॉस्ली कंपनीने घेतले. किडरमिन्स्टरच्या ज्या कारखानदारांना नवे माग आणि त्यासाठी लागणाऱ्या वाफेच्या यंत्रांच्या इमारती परवडल्या नाहीत, ते एकामागून एक बुडाले. ब्रिंटन तगले, आणि केवळ माग घेऊन थांबले नाहीत. 1864 मध्ये त्यांनी स्लिंगफील्ड मिल ही सूतकताईची गिरणी उभारली. लोकर हा मुख्य खर्च, तर त्याची कताई आपल्याच हातात हवी, हा त्यामागचा हिशोब मला स्पष्ट दिसतो. ती इमारत आज एका खरेदी संकुलाचा भाग आहे. पुणे स्टेशनजवळच्या राजा बहादूर मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांत बसताना मला दर वेळी तिची आठवण होते. या काळात कंपनी ज्यांच्या हाती होती ते जॉन ब्रिंटन पुढे पार्लमेंटमध्ये निवडून गेले आणि 1887 मध्ये त्यांनी गावाला बाग दिली, ती अजून ब्रिंटन पार्क म्हणूनच ओळखली जाते.

त्यानंतरची घटना मला या सबंध इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. 1876 मध्ये अमेरिकेत हॅल्सियन स्किनर यांनी ॲक्समिन्स्टरचा पहिला यंत्रमाग केला. त्यात नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी रंगीत धाग्यांनी भरलेले एक लांब रीळ लागे. त्याचे ब्रिटनमधले हक्क किडरमिन्स्टरच्याच टॉमकिन्सन अँड ॲडम यांनी घेतले, म्हणजे ब्रिंटनच्या दारातच प्रतिस्पर्धी उभा राहिला. त्यावर ब्रिंटन यांचे उत्तर 1890 मध्ये आले, ते म्हणजे त्यांच्याकडील टॉमस ग्रीनवुड यांचा ग्रिपर माग.

हा माग चालताना मी एकदा अगदी हातभर अंतरावरून पाहिला आहे. मागाच्या सबंध रुंदीत पोलादी चोची ओळीने बसवलेल्या असतात, दर इंचाला 7. म्हणजे 12 फुटी मागावर 1,008 चोची. प्रत्येक चोचीसमोर एक धारक असतो, त्यात जुन्या रचनेप्रमाणे आठ रंगांच्या धाग्यांची टोके एकाखाली एक असतात. जॅकार्ड प्रत्येक धारक हव्या त्या उंचीवर आणून थांबवते. सगळ्या चोची एकदम वर येतात, आपापल्या समोरचा धागा पकडतात, धारक मागे सरकतो, सुरी फिरते आणि तेवढाच तुकडा चोचीत राहतो. मग साऱ्या चोची वाकून ती लव ताण्यात नेऊन ठेवतात, बाणा तिला आवळतो आणि चोची उघडतात. डोळ्याला दिसते ते एवढेच की हजार पक्षी एका तालात दाणे टिपत आहेत. न लागलेले सात रंग आपापल्या रिळावर तसेच राहतात. पोटातली लोकर संपली ती येथे. मागच्या मांडणीवर आठ हजारांवर रिळे भरावी लागतात, त्यामुळे नक्षी बदलताना वेळ जातो, पण एकदा माग चालू झाला की लोकर फक्त दिसेल तेथेच खर्च होते.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. दोन महायुद्धांत किडरमिन्स्टरचे बरेच माग लष्करासाठी कॅनव्हास आणि कांबळी विणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टनहून टफ्टेड गालिचा आला आणि घरगुती बाजार त्याने जवळजवळ सगळा घेतला. टफ्टेड हा विणलेला नसतोच. तयार कापडावर शेकडो सुया एकदम धागा टोचत जातात आणि मागून लॅटेक्स फासून वर दुसरे कापड चिकटवतात. वेग विणकामाच्या कितीतरी पट आणि दर त्या मानाने कमी. किडरमिन्स्टरचे कारखाने त्यापुढे एकेक करून बंद पडले. ब्रिंटन्सने हॉटेले, कॅसिनो, प्रवासी जहाजे, विमानतळ अशी गिऱ्हाइके धरली, कारण त्यांना स्वतःची नक्षी हवी असते आणि रोज हजारो पायांखाली टिकणारी लव लागते.

तरीही सारे सुरळीत झाले नाही. निवृत्तिवेतन निधीतील तूट आणि कर्ज यांच्या भाराने 2011 मध्ये कंपनी घराण्याच्या हातून गेली आणि कार्लाइल या गुंतवणूक समूहाकडे आली. निवृत्तिवेतनाची जबाबदारी तेथल्या संरक्षण निधीकडे वर्ग झाली, त्यावर ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली, आणि मला ती योग्य वाटते. 2017 मध्ये आर्गंड पार्टनर्स यांनी कंपनी घेतली. त्यामुळे 1783 पासून अखंड हे नावाबाबत आणि विणकामाबाबत खरे आहे, मालकीबाबत नाही. मुळशी तालुक्यातला कारखाना हा याच कंपनीचा, आणि येथेही ॲक्समिन्स्टर विणले जाते.

पुण्याला गालिचे नवे नाहीत, हे जाता जाता सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत आणि त्यांत विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकलाही होत्या. ते काम हाताने गाठ मारण्याचे होते, त्याची तुलना मागावरच्या गालिच्याशी करू नये.

आता आपल्या कोटेशनकडे. नमुन्याचा तुकडा हातात घ्या आणि आधी तो उलटा करा. ॲक्समिन्स्टरच्या पाठीवर आडव्या ओळी स्पष्ट दिसतात आणि मागून दुमडला की लव मुळातून कशी आवळली आहे तेही दिसते. इंचाची पट्टी ठेवून झुपके, म्हणजे लवेचे एकेक तुकडे, मोजा. रुंदीत 7 येतील, लांबीत 7 पासून 10 पर्यंत काहीही असू शकते, आणि दरातला फरक बराचसा येथेच असतो. 7 गुणिले 9 म्हणजे चौरस इंचाला 63, चौरस मीटरला 97 हजारांच्या वर झुपके. ही गणना कोटेशनमध्ये लिहून मागा. लव 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉन यांची असावी. एक धागा उपसून जाळून पाहा. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख चुरडली जाते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो.

टफ्टेड वाईट असते असे माझे म्हणणे नाही. पण नऊ-दहा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या तळमजल्यावरच्या सभागृहात मी टफ्टेड बसवला होता. पावसाळ्यात फरशीखालून ओल आली आणि तिसऱ्या वर्षी मागचे लॅटेक्स पिठासारखे झडू लागले, वरचा थर हाताने सोलता येई. त्याच सुमारास एका हॉटेलच्या मार्गिकेतला 14 वर्षांचा ॲक्समिन्स्टर उचलताना भिंतीलगतच्या कपाटाखाली त्याचा मूळ गर्द निळा सापडला. मधला भाग फिका पडला होता, पण लव एकाही जागी टक्कल पडल्यासारखी झाली नव्हती.

म्हणून मेजवानीचे सभागृह, लिफ्टसमोरची जागा आणि मार्गिका येथे ॲक्समिन्स्टर घ्या, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत चांगला टफ्टेड चालेल. मार्गिकेच्या मापापेक्षा दोन-तीन टक्के गालिचा जास्त मागवा, तो त्याच रंगाईच्या घाण्यातला आहे याची खात्री करून घ्या आणि कोरड्या जागी गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. लिफ्टसमोरचा तुकडा सगळ्यांत आधी बदलावा लागतो.