मुलं शाळा कधी सोडतात? बालरथच्या सीटवरून दिसतं ते

तुमचा प्रश्न असा की फोंड्याला तुमचा भाचा नववीत नापास झाला, आता शाळेचं नाव काढलं तरी खोलीचं दार लावून घेतो, घरी पैशाची अडचण नाही, पुस्तकं आहेत, शाळेची बस दारात येते, मग मुलं शाळा सोडतात ती कशामुळे आणि टिकतात ती कशामुळे.

मी काय शिक्षक नाही, आधीच सांगतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात बालरथ चालवतो, म्हणजे अनुदानित शाळांची ती बस. आणि मी स्वतः नववीत शाळा सोडलेला माणूस, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात असं समजा.

लोकांना वाटतं शाळा सोडायचं कारण गरिबी. असते गरिबी पण, नाही कोण म्हणतंय. पण माझ्या रूटवर एकाच वाड्यावरची, एकाच परिस्थितीतली दोन पोरं असतात, त्यातला एक बारावी करतो आणि दुसरा नववीच्या चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर, दिसतच नाही. मला जे दिसलं ते असं की पोर सुटतं ते सांध्यावर. पाचवी, नववी, अकरावी. जिथे शाळा बदलते, भाषा बदलते नाहीतर सोबतची पोरं बदलतात, तिथे. मधल्या वर्षांत सहसा कोण सोडत नाही.

माझंच घ्या. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघाल्या त्यातलीच एक, आणि वर्गात माझा पहिला नंबर (वर्गात आम्ही नऊजण होतो ते सोडा). पाचवीला हायस्कूलात गेलो आणि गोव्यात बहुतेक हायस्कुलं इंग्रजी मीडियमची, म्हणजे जूनच्या एका सोमवारी इतिहास, गणित, सायन्स सगळं एकदम इंग्रजीत. मला वाचता यायचं हो, धडाधड वाचायचो, टीचर म्हणायची व्हेरी गुड आणि खाली बसल्यावर मला कळायचं नाही मी काय वाचलं. चार वर्षं पाठांतरावर काढली. तेच आजही बघतो, मागच्या वर्षी एक पाचवीतली मुलगी बसमध्ये सायन्सचं पुस्तक मांडीवर घेऊन एकच ओळ परत परत वाचत होती, मी आरशातून विचारलं काय गो, तर म्हणाली "वाचूंक येता, कळना". माध्यमाचं भांडण, म्हणजे प्राथमिकला मराठी-कोंकणी की इंग्रजी, मी इथे काढत नाही, १९९० पासून चाललंय, त्याच्यात सरकारं हलली. पण पाचवीत जे कळलं नाही ते नववीत बाहेर येतं एवढं मात्र मला माहीत आहे.

कारण मधे कोण अडवतच नव्हतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण आणि आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं होतं. (२०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी-आठवीला मागे ठेवायची मुभा राज्यांना दिली.) हेतू चांगलाच होता. पण मग पहिली खरी चाळण नववीत, त्यात काही शाळांना दहावीचा शंभर टक्के रिझल्ट बोर्डावर लावायचा असतो, त्यामुळे डळमळीत पोराला नववीतच थांबवतात. आणि त्याच वेळी पोराचं वय चौदाच्या पुढे गेलेलं असतं, म्हणजे कायद्याने हात झटकले. मी तर ह्या कायद्याच्या आधीचा, २००६ सालचा, तरी गोष्ट तीच. बाबांना बोलावून सांगितलं की ह्याला परत बसवा, दहावीला झेपणार नाही. परत बसवा म्हणजे काय ते घरच्यांना कळत नाही. तुमचे मित्र वरच्या मजल्यावर जातात आणि तुम्ही त्याच बाकावर, शेजारी तुमच्या धाकट्या भावाचा मित्र. डबा खायला कुठे बसायचं हा प्रश्न मला गणितापेक्षा मोठा वाटला होता, हसू नका.

आणि तेव्हा बाहेर काय होतं तर मायनिंग. चीनला लोखंडाचं ओअर जात होतं, पिसुर्ल्याच्या बाजूने रात्रंदिवस ट्रकांची रांग मांडवीच्या जेटीकडे, आणि मी जूनमध्ये शाळेत न जाता मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. दिवसाचे दीडशे रुपये मिळायचे. पंधरा वर्षांच्या पोराच्या खिशात रोज दीडशे रुपये म्हणजे त्याला कोण सांगणार शाळा शिक. माझ्या वर्गातले आम्ही चौघे गेलो त्या दोन वर्षांत. घरच्यांनी पण जास्त ताणलं नाही, कारण शिकलेला शेजारी कोर्टात पट्टेवाल्याच्या जागेसाठी अर्ज करत बसलेला आणि न शिकलेल्याने नवीन टिपर घेतलेला. मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, मामाचा ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्यावर भोपळ्याची वेल चढली आणि बँकेचे हप्ते चालूच. मधे थोडं सुरू झालं, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद झालं. तेव्हा ज्यांच्याकडे दहावी होती ते कंपनीत, औषधांच्या फॅक्टरीत, कुठे कुठे शिरले. आम्ही बघत राहिलो.

आता मायनिंगच्या जागी रेंट-अ-बाईक आहे, बीचवर शॅक आहे, डिलिव्हरी आहे, मोपा विमानतळाच्या बाजूला टॅक्सी आहे. आमच्या सत्तरीत काजू. मार्च आला की सकाळी बसमध्ये बोंडांचा वास येतो, पोरं पहाटे उठून काजूच्या बागेत बोंडं गोळा करून येतात, हात चिकट, डोळे पेंगुळलेले, आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा. हे शाळेत कोणाला सांगत नाहीत, मला वासावरून कळतं. पण खरं सांगू, काजूवाली पोरं शाळा सोडत नाहीत सहसा. आई-बापाबरोबर केलेलं काम वेगळं आणि स्वतःच्या खिशात पडलेला पगार वेगळा.

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कामाला आलेल्या कर्नाटकातल्या लोकांची मुलं हा अजून एक विषय. ती गावी जातात आणि महिन्या-दीड महिन्याने येतात, तोवर शाळेत सगळे समजतात गेली ती गेली. आठवीपर्यंत तरी दाखला आला नाही म्हणून किंवा जन्माचा कागद नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायद्यातच आहे, पण त्या बापाला हे कोण सांगणार.

सोडणार कोण हे मला साधारण दोन महिने आधी कळतं. पहिल्यांदा दप्तर हलकं होतं. मग पुढच्या सीटवर बसणारा मागे जातो. मग सोमवार चुकायला लागतात. चवथीची सुट्टी संपते आणि स्टॉपवर तो नसतो, आमची अटेंडंट बाई दोन दिवस हाका मारते, तिसऱ्या दिवशी मी गियर न बदलता पुढे जातो. ह्या दोन महिन्यांत कोणी घरी जाऊन विचारलं तर बरेच परत येतात, हे मी शपथेवर सांगतो. एक पोरगा असाच सुटत चाललेला, पीटीच्या सरांनी त्याला कबड्डीत घेतला, सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस, म्हणजे शाळेत यायला त्याच्याकडे अभ्यासाशिवाय एक कारण झालं. स्पर्धांत खेळलेल्यांना आपलं गोवा बोर्ड खेळाचे गुण देतं, तेही त्याला कामी आले आणि दहावी पास झाला. सर एकदाच त्याच्या घरी गेले होते, चहा पण घेतला नाही म्हणे, ओट्यावर उभ्याउभ्या बोलून आले.

आता तुमच्या भाच्याचं. त्याला अभ्यास का करत नाहीस विचारू नका, ते सगळ्यांनी विचारून झालं असेल. नववीच्या वर्गात त्याच्याबरोबर आता कोण असणार ते विचारा. जमलं तर शाळा बदलून बघा, नापास झालेलं पोर नवीन शाळेत निदान नापास म्हणून ओळखलं जात नाही. हेडमास्तरांना भेटा आणि स्किलचे, म्हणजे व्यवसाय शिकवणारे, विषय आहेत का विचारा. आयटीआयमध्ये काही ट्रेड आठवी पासवर मिळतात, हाताने काम करणारा असेल तर ते वाईट नाही, माझा चुलतभाऊ वायरमन आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

आणि काहीच नाही झालं तर मुक्त विद्यालय, एनआयओएस. मी पंचविसाव्या वर्षी तिथे दहावीचा फॉर्म भरला. पाच विषय, त्यात एक तरी भाषा, गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं आणि नऊ चान्स, पास झालेला विषय पासच राहतो. मी गृहविज्ञान घेतलं होतं, बायको अजून हसते. तिसऱ्या बैठकीला पास झालो. पण नववी फेल झाल्या झाल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला तिकडे घालू नका, घरी बसून एकट्याने अभ्यास करायला जी जिद्द लागते ती मला लायसन्स, लग्न आणि हप्ते झाल्यावर आली. त्या वयात वर्ग लागतो, बरोबरची पोरं लागतात.

फॉर्म भरायचाच झाला तर विषय कसे निवडायचे ते विचारा, साडेतीननंतर मोकळा असतो.