वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि फळांची डिश

फळांविषयीची पत्रं या वेळी इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले ग्रॅमचे आकडे फळाच्या खाल्ल्या जाणाऱ्या भागाचे आहेत. कोय, बिया, टाकून द्यायची साल त्यात धरलेली नाही.

प्रश्न : वय 58, टाइप 2 मधुमेह आठ वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू आहे. आंबा, केळी, चिकू, द्राक्षं पूर्ण सोडली. संध्याकाळी भूक लागली की दोन मोठी सफरचंदं खातो, कधी पपई. गोड फळं बंद करूनही रात्रीच्या जेवणाआधीची शुगर 190-200 येते. असं का?

गोड फळं सोडलीत, पण फळांतली साखर पोटात जातेच आहे. दोन मोठ्या सफरचंदांचा गर सहज 400 ग्रॅम भरतो. सफरचंदात दर 100 ग्रॅममागे सुमारे 14 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका बैठकीत 56 ग्रॅम झाली. आंब्यात 100 ग्रॅमला साधारण 15. आंब्याच्या 100 ग्रॅम फोडी खाऊन उठणारा माणूस तुमच्यापेक्षा कितीतरी कमी साखर पोटात घेतो, आणि पथ्य मोडल्याचा ठपका मात्र त्याच्यावर येतो!

फळांची ‘चालणारी’ आणि ‘न चालणारी’ अशी यादी लक्षात ठेवायला सोपी असते, म्हणून ती टिकून आहे. तिचा तोटा असा की ‘चालणारं’ फळ माणूस मोजत नाही. त्यापेक्षा 15 ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा हे माप धरा. एका वाट्यात कलिंगड 200 ग्रॅम बसतं, स्ट्रॉबेरी जवळपास तितकीच, पपई 140, संत्रं 125, अननस 115, सफरचंद किंवा पेरू 105 ते 110, आंबा 100, द्राक्षं 85 (लहान असतील तर पंधरा-सतरा मणी), डाळिंबाचे दाणे 80, चिकू 75, केळं 65 आणि सीताफळ 60 ग्रॅमच्या आसपास. जात आणि पिकलेपणा यांनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हिशेबाला एवढं पुरतं.

पेरू आणि सफरचंद यांची कर्बोदकं सारखीच दिसतात, तरी पेरूला आम्ही झुकतं माप देऊ. त्यात 100 ग्रॅमला 5 ग्रॅमहून अधिक चोथा असतो, सफरचंदात सालीसकट अडीचच्या आसपास. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोटही भरतं.

स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा आठवडाभर वापरा. नेहमीच्या वाटीत कापलेली पपई किती बसते, नेहमीच्या आकाराचं केळं सोलल्यावर किती भरतं, हे एकदा डोळ्यांत बसलं की काटा कपाटात ठेवला तरी चालेल. मोठं केळं सोलून 130 ग्रॅम भरलं तर ते दोन वाट्यांचं आहे, हे तेव्हा कळतं आणि बहुतेकांना आश्चर्य वाटतं. बऱ्याच जणांना दिवसाला दोन वाटे पेलतात, पण दोन वेळांना विभागून. तुमच्या बाबतीत संध्याकाळी एक वाटा फळ आणि मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, एवढा बदल आधी करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दोष फळांचा नाही. दुपारचं जेवण आणि औषधाची मात्रा यांकडे डॉक्टरांसोबत पाहावं लागेल.

प्रश्न : कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स 70 च्या वर असल्याचं वाचलं. तुमच्याकडे तर ते 200 ग्रॅम चालतं असं दिसतं. खरं काय?

दोन्ही. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थातली कर्बोदकं शुगर किती चढवतात याचा ग्लुकोजला 100 धरून काढलेला आकडा, ही कल्पना टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने 1981 साली मांडली. चाचणीत प्रत्येक पदार्थ 50 ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका खायला देतात. कलिंगडात 100 ग्रॅमला जेमतेम साडेसात ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे चाचणीपुरतं साडेसहाशे ग्रॅमहून जास्त कलिंगड खावं लागतं. एवढं एका वेळी क्वचितच कोणी खातं. म्हणून इंडेक्सला प्रत्यक्ष खाल्लेल्या कर्बोदकांनी गुणून 100 ने भागतात. तो आकडा म्हणजे ग्लायसेमिक लोड. 200 ग्रॅम कलिंगडाचा लोड 72 गुणिले 15 भागिले 100, म्हणजे सुमारे 11. दहापर्यंत कमी, वीस आणि त्यापुढे जास्त समजतात.

आणखी एक गोम. इंडेक्सचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण फळं जुळत नाहीत. हिरवट केळ्यात बराचसा भाग न पचणाऱ्या स्टार्चचा असतो. सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत त्याची बहुतेक साखर झालेली असते. कर्बोदकांचा एकूण आकडा जवळपास तोच राहतो, शुगर चढण्याचा वेग बदलतो.

प्रश्न : सकाळी उपाशीपोटी संत्र्याचा ताजा रस घेते. साखर घालत नाही, गाळतही नाही. हा तरी चालेल ना?

नाही. 250 मिलिलिटर रसात सुमारे 26 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. त्यासाठी लागलेली तीन संत्री सोलून, चावून खायला दहा-पंधरा मिनिटं लागली असती आणि बहुधा दुसऱ्यालाच हात थांबला असता. ज्यूसरमधला चोथ्याचा मोठा भाग यंत्रातच राहतो. न गाळता ग्लासात येतो तो थोडासाच. जागतिक आरोग्य संघटना फळाच्या रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेच्या रांगेतच मोजते, अख्ख्या फळातली मात्र मोजत नाही. 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासातही अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांत टाइप 2 मधुमेहाचं प्रमाण कमी आणि रस पिणाऱ्यांत जास्त आढळलं.

त्यातून तुमची वेळ सकाळची. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढलेली असल्याने बऱ्याच मधुमेहींत इन्सुलिनचा परिणाम त्या वेळी सर्वांत कमी असतो. तोच ग्लास दुपारी घेतला तर कदाचित कमी चढेल. तरीही अख्खं संत्रंच बरं.

प्रश्न : फळ जेवणाआधी खावं, जेवणानंतर की मधल्या वेळेत? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेळेपेक्षा आधी हे ठरवा की फळ कशाच्या जागी खाणार. पूर्ण जेवण करून वर आंबा खाल्ला, तर जेवणाची 60-70 ग्रॅम कर्बोदकं आणि फळाची 15-30 एकाच चढावर येतात. जेवणासोबत फळ हवं असेल तर तेवढी कर्बोदकं धान्यातून कमी करा आणि फळ शेवटी खा. आधी भाज्या आणि प्रथिनं, मग कर्बोदकं, या क्रमाने खाल्लं तर तेच जेवण कमी शुगर चढवतं. जेवणानंतर 10-15 मिनिटं चालता आलं तर त्याचाही उपयोग होतो, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

नाहीतर जेवणानंतर अडीच-तीन तासांनी, शुगर उतरलेली असताना, एक वाटा फळ आणि सोबत साधं दही किंवा शेंगदाणे. चरबी आणि प्रथिनं पोट सावकाश रिकामं करतात. झोपताना फळ खाण्याची सवय मात्र सोडा, रात्री कमी शुगरचा त्रास असल्याने डॉक्टरांनीच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि एखाद्या दिवशी शुगर आधीच 250 च्या वर असेल तर त्या दिवशी फळाला सुट्टी द्या.

प्रश्न : आंबा खाऊन दीड तासाने तपासलं तर 286! घाबरून पाच मिनिटांनी पुन्हा तपासलं, तर 171. मध्ये फक्त हात धुतले. मीटर बिघडलाय का?

मीटर ठीक आहे. पहिल्या वेळी तुम्ही आंब्याची साखर मोजलीत, रक्तातली नव्हे. पट्टीला मायक्रोलिटरहून कमी रक्त लागतं. फळ सोलल्यावर बोटावर राहिलेला, डोळ्यांना न दिसणारा रस एवढ्याशा थेंबात मिसळला की आकडा शंभरानेही वर जाऊ शकतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. साबण आणि पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा (ओल राहिली तर थेंब पातळ होऊन आकडा उलट खाली येतो), मग टोचा. धुण्याची सोय नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. या चुकीच्या 286 वर कुणी इन्सुलिनचा डोस वाढवला तर शुगर धोकादायक खाली जाईल, म्हणून हे इतकं सविस्तर.

फळ आपल्याला किती झेपतं हे पाहायचं असेल तर पद्धत अशी ठेवा. एकच फळ, वजन करून, मधल्या वेळेत. खाण्याआधी एकदा तपासा, मग पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी. संपवल्यापासून नाही, सावकाश खाणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. तीन वेगवेगळ्या दिवशी हेच करा, कारण एका दिवसाच्या आकड्यात आदल्या रात्रीची झोप, ताण, चालणं असं बरंच मिसळलेलं असतं. शिवाय चांगल्या मीटरलाही 15 टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो. 150 आणि 162 यांत तुलना करण्यासारखं काही नसतं.

वाढ 40-50 ची असेल आणि दोन तासांनी आकडा 180 च्या खाली असेल, तर तो वाटा तुम्हाला झेपला. 80-100 ने उडी घेतली तर फळ बदलण्याआधी वाटा अर्धा करून पाहा. दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर असेल तर त्याचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : वडील इन्सुलिन घेतात. घाम, थरथर सुरू झाली की आम्ही सफरचंद कापून देतो. बरोबर आहे का?

इथे फळाचा गुणच आड येतो. शुगर 70 च्या खाली असताना साखर ताबडतोब हवी, आणि सफरचंदाचा चोथा तिला अडवून धरतो. या वेळी फळाचा रस औषधासारखा आहे: अर्धा कप, म्हणजे 120 ते 150 मिलिलिटर. किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. शुगर सावरल्यावर आणि पुढचं जेवण लांब असेल तर मग ते सफरचंद आणि सोबत काही प्रथिनं द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

वडिलांच्या औषधांत अकार्बोज किंवा वोग्लिबोज आहे का, तेही बघा. या गोळ्या आतड्यात आपल्या घरातल्या नेहमीच्या साखरेचं विघटन रोखतात, त्यामुळे साखरपाणी उशिरा लागू पडतं आणि रसातलाही काही भाग अडकतो. अशांसाठी घरात औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूड किंवा गोळ्या हव्यात.

प्रश्न : सुकी फळं, डब्यातली फळं, ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेले पदार्थ?

सुक्या फळात पाणी जातं, साखर तिथेच राहते. द्राक्षांत 100 ग्रॅमला 18 ग्रॅम कर्बोदकं, बेदाण्यांत 79. एक वाटा म्हणजे दोन मोठे चमचे बेदाणे. मोठा मऊ खजूर एकच. डब्यातलं फळ पाकातलं असेल तर पाक निथळून काय उपयोग, तो गरात मुरलेला असतो. स्वतःच्या रसातलं किंवा पाण्यातलं घ्या. आणि वेष्टनावर पुढे काय लिहिलंय यापेक्षा मागच्या तक्त्यातला एकूण कर्बोदकांचा आकडा वाचा. ‘साखर घातलेली नाही’ म्हणणाऱ्या कित्येक पदार्थांत गोडीसाठी आटवलेला फळांचा रस असतो.

प्रश्न : गरोदरपणातला मधुमेह निघाला आहे. फळं बंद करू का?

बंद नको, पण नाश्त्याला नको. गरोदरपणात सकाळी इन्सुलिनला होणारा विरोध जास्त असतो आणि इथली मर्यादाही कडक: उपाशीपोटी 95 च्या आत, खाल्ल्यावर एक तासाने 140 च्या आत, दोन तासांनी 120 च्या आत. एक-एक वाटा दुपारी आणि संध्याकाळी, दही किंवा बदामासोबत. रस अजिबात नाही.

प्रश्न : मधुमेहासोबत क्रिएटिनिन वाढलं आहे, कोलेस्टेरॉलची गोळीही आहे. फळांचे नियम बदलतात का?

बदलतात. क्रिएटिनिन वाढणं ही मूत्रपिंडं कमी काम करत असल्याची खूण असते, आणि तेव्हा साखरेपेक्षा पोटॅशियम महत्त्वाचं ठरू शकतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर केळं (100 ग्रॅमला सुमारे 360 मिलिग्रॅम), सुकी फळं, नारळपाणी मागे पडतात आणि सफरचंद, अननस (दोन्ही 110 च्या आसपास) पुढे येतात. शुगर खाली गेली तर संत्र्याऐवजी सफरचंदाचा रस घ्या. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर आपणहून बंधन घालू नका. कमरख (स्टार फ्रूट) मात्र पूर्ण वर्ज्य: त्यातला एक विषारी घटक निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि न थांबणाऱ्या उचक्यांपासून झटक्यांपर्यंत त्रास होतो.

गोळी अटोरवास्टॅटिन किंवा सिमवास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट टाळा. ते औषधाचं आतड्यातलं विघटन रोखतं, रक्तातली मात्रा वाढते आणि स्नायू दुखू लागतात. सकाळी फळ आणि रात्री गोळी असं अंतर ठेवूनही सुटका नाही, कारण परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. रोसुवास्टॅटिनला ही अडचण जवळजवळ नाही.