खेळाच्या एका पुस्तकाची लोक दोन-दोन वर्षं वाट का बघतात? जुन्या नियमांनी खेळता येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ 2022 पासून ‘नवीन डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) येणार’ म्हणून घर डोक्यावर घेत होता, आणि पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मित्रांशी फोनवर भांडत बसला. जुन्या नियमांनी खेळता येतंच. आम्ही अजूनही अर्धेमुर्धे त्यांनीच खेळतो. पण वाट मीही पाहिली आहे, म्हणून लिहितो.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. रोवणी आटोपली की थोडे दिवस, आणि मग धान घरात येऊन मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या सुगीनंतरच्या जत्रेची, धामधूम ओसरली की आमचा खेळ रंगतो. खेळायचं टेबल म्हणजे दुकानामागच्या खोलीतली सतरंजी. आमचा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा डीएम, मंडईच्या नाटकांत काम करतो. त्यामुळे आमच्याकडचा कुठलाही राक्षस मरताना निदान पाच मिनिटं बोलतो. बाकीचे आम्ही एकेक पात्र घेऊन बसतो, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

माझं मत विचाराल तर नव्या नियमांची ओढ कमीच असते. लोक वाट बघतात ती जुन्या भांडणांच्या निकालाची. 2014 च्या आवृत्तीत जखम भरायचं औषध प्यायला अख्खी अ‍ॅक्शन (आपल्या टर्नमधलं, म्हणजे पाळीतलं, मुख्य काम) खर्च व्हायची. म्हणजे औषध प्यायलं की त्या टर्नला तलवार चालवायची नाही. आमचा डीएम एकदा वैतागून म्हणाला, “माणूस मरून रायला, अन् शिशी तोंडाले लावाले अख्खा टर्न जाते का गा?” त्या दिवसापासून आमच्याकडे औषध बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हल्ला करून वर पिता यायला लागलं. असा घरचा नियम जगभरातल्या कितीतरी ग्रुपनी आपापला करून घेतला होता. 2024 च्या पुस्तकात तो छापून आला तेव्हा आमच्यात जो जल्लोष झाला, तो कोर्टाचा निकाल बाजूने लागल्यासारखा होता.

त्यात यावेळी हा खेळ छापणाऱ्या कंपनीने चाहत्यांना आधीच कामाला लावलं होतं. ऑगस्ट 2022 पासून नियमांचे कच्चे मसुदे फुकट मिळायला लागले. खेळून बघा आणि सर्व्हेत मत कळवा, असं सांगितलं होतं. पहिल्याच मसुद्यात राक्षसांचे क्रिटिकल हिट काढून टाकले होते. म्हणजे फाशावर वीस पडले तरी राक्षसाचा फटका साधाच. आमचा डीएम दोन दिवस जेवला नाही म्हटलं तरी चालेल. लोकांनी ओरड केली आणि तो बदल मागे गेला. ड्रुइडने, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राने, जनावराचं रूप घ्यायचे नियमही असेच बदलून पुन्हा फिरवले. स्वतःच्या मताने पुस्तक हलतंय असं दिसलं की माणूस त्यात अडकतो. तुमच्या भावाचंही तेच झालं असणार.

दुसरं कारण भीती. या खेळाला आवृत्ती बदलण्याचा इतिहास आहे आणि तो गोड नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये खेळ काढला. तिसरी आवृत्ती 2000 मध्ये आली, आणि तीनच वर्षांत 3.5 ही सुधारित आवृत्ती काढून लोकांना पुन्हा पुस्तकं घ्यायला लावली. 2008 ची चौथी आवृत्ती इतकी वेगळी होती की पुष्कळ खेळाडू 3.5 वर बेतलेल्या पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाकडे गेले. म्हणून 2024 ची सुधारणा जाहीर झाली तेव्हा पहिला प्रश्न होता: आमची जुनी साहसं, म्हणजे खेळायच्या छापील गोष्टी, चालतील ना? चालतील, असं कंपनीने सांगितलं, आणि बहुतेक चालतातही.

त्यातच जानेवारी 2023 मध्ये लायसन्सचा वाद पेटला. 2000 पासून हा खेळ वापरून कुणीही आपलं साहित्य छापू शकत होतं. ती मोकळीक आवळणारा मसुदा बाहेर फुटला आणि चाहत्यांनी ऑनलाइन वर्गण्या बंद करायला सुरुवात केली. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेऊन मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल अशा परवान्याखाली, मोकळा केला. शहरातल्यांना त्याचं फार कौतुक नसेल, मला आहे. खेळाडूंसाठीच्या नव्या पुस्तकाची 2024 मध्ये अमेरिकेतली किंमत 50 डॉलर होती. त्या वर्षीच्या क्विंटलला 2300 रुपये हमीभावाने धरलं तर जवळपास दोन क्विंटल धान! आणि अशी मुख्य पुस्तकं तीन. आम्ही मोकळे नियम उतरवून तालुक्याला झेरॉक्स मारले आणि स्पायरल बाइंडिंग केलं. नव्या आवृत्तीचा गाभाही 2025 मध्ये तसाच मोकळा झाला.

सगळं चांगलं झालं असंही नाही. आमच्यातला पॅलाडिन, म्हणजे देवाच्या नावाने लढणारा योद्धा, अजून रुसलेला आहे. आधी तो एकाच टर्नमध्ये जेवढे वार लागतील तेवढ्यांवर दैवी शक्ती ओतायचा. आता ते स्पेल (मंत्र) झालं, बोनस अ‍ॅक्शन लागते, टर्नमध्ये एकदाच. डीएमला हा बदल बरोबर वाटतो, मलाही. पॅलाडिनसमोर आम्ही तसं बोलत नाही. पाचव्या लेव्हलपासून पात्रांना स्वतःचा गड बांधता येतो, हे मात्र सगळ्यांनाच आवडलं. तिथे जादूची अभ्यासिका करता येत असताना आमच्या एका गड्याने कोठार मागितलं. त्याच्या घरी धानाच्या चार एकर बांध्या आहेत, दुसरं काय सुचणार!

भावाला काही द्यायचं मनात असेल तर पुस्तक नको, त्याच्याकडे आहेच. चांगल्या फाशांचा एक संच द्या, सात फासे असतात. आणि त्याला एवढं विचारा की त्यांच्या टेबलावर लपण्याचा नवा नियम कसा लावतात. आमच्याकडे त्यावरून मागच्या रविवारी खेळच झाला नाही.