चलन, काटा आणि कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न

या वेळी बांधकाम आणि माल-पुरवठ्यातल्या कामकाजाच्या फेररचनेवरचे प्रश्न घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलुंड आणि चेंबूर मिळून आमच्या रिडेव्हलपमेंटच्या तीन साईट चालू आहेत. गेल्या वर्षी ईआरपी (खरेदी, साठा आणि हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं. तरी सळईच्या बिलाला पूर्वीइतकेच पस्तीस-चाळीस दिवस लागतात, उलट एन्ट्रीसाठी दोन मुलं जास्त ठेवावी लागली. चूक सॉफ्टवेअरची की आमची?
– एक कंत्राटदार, मुलुंड

सॉफ्टवेअरची असण्याची शक्यता कमी. एका सळईच्या गाडीचा माग काढून पाहा. साईट इंजिनीअर व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी टाकतो. परचेसवाला कळंबोलीच्या स्टील बाजारात फोन करून भाव ठरवतो आणि ऑर्डर तोंडी देऊन मोकळा होतो. गाडी येते, स्टोअरकीपर इनवर्ड रजिस्टरमध्ये लिहितो, चलनावर, म्हणजे मालाबरोबर आलेल्या कागदावर, सही करतो. ते चलन शनिवारी जो कोणी ऑफिसला जाणारा असेल त्याच्या बॅगेतून जातं. तिथला मुलगा चलन बघून कॉम्प्युटरवर आवक (आलेल्या मालाची नोंद) टाकतो. मग बिल येतं आणि परचेसवाला मागची तारीख घालून पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) बनवतो, कारण पीओशिवाय बिल पुढे सरकत नाही. म्हणजे पीओ, आवक आणि बिल, तिन्ही एकाच चलनावरून उतरवलेली. ती जुळणारच! त्या जुळण्यातून गाडीत खरोखर किती माल होता हे कोणालाच कळलेलं नसतं.

या विषयात फोर्ड कंपनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. मायकेल हॅमर यांनी १९९० साली ते मांडलं. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या बिलांचे पैसे देणाऱ्या खात्यात पाचशेवर माणसं होती. कॉम्प्युटर आणून ती चारशेवर आणायचा बेत होता. तेवढ्यात कळलं, की जपानच्या माझदा कंपनीकडे हेच काम पाच जण करतात. माझदा लहान कंपनी हे खरं, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नव्हता. फोर्डने मग जुळवणीची जागाच बदलली. ऑर्डर आधी डेटाबेसमध्ये जायची. माल धक्क्यावर उतरला की तिथला माणूस ती उघडून पाहायचा. जुळला तर माल घेतला आणि पैसे निघाले, नाही तर माल परत. पूर्वी चौदा गोष्टी जुळवाव्या लागत, आता तीन : भागाचा नंबर, मापाचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. खात्यातली माणसं पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली.

हे मुंबईत जसंच्या तसं चालणार नाही, आणि अडचणी दोन. फोर्डने पुरवठादाराचं बिलच काढून टाकलं. आपल्याकडे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बिलावर मिळतं, तेही ते बिल जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरच्या पत्रकात दिसलं तर. त्यामुळे बिल राहणार. फक्त पैसे किती द्यायचे हे बिलावरून नव्हे, तर गेटवरच्या आवकेवरून ठरलं पाहिजे. दुसरं म्हणजे सळईची गाडी कधीच बरोबर दहा टनांची येत नाही, ९.८६ येईल नाही तर १०.२४. आणि साडेपाच मीटरच्या गल्लीत उभी असलेली ट्रेलर ‘ऑफिसला विचारून सांगतो’ म्हणत तासभर थांबवता येत नाही. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी तोवर खाली उतरलेले असतात.

म्हणून गेटवरच्या माणसाला काय ठरवायची मुभा आहे हे आधी लिहून काढा. साधारण असं : पीओ सिस्टिममध्ये नसेल तर गाडी आत नाही. वजन पीओच्या दोन टक्के वर-खाली असेल तर स्टोअरकीपर स्वतः घेईल. त्याहून जास्त असेल तर इंजिनीअरच्या मोबाईलवर सूचना जाईल आणि तो पंधरा मिनिटांत हो-नाही सांगेल. व्यास किंवा ग्रेड चुकला असेल तर कोणालाही न विचारता गाडी परत. एवढं ठरलं की आवक तिथेच आणि एकदाच नोंदली जाते, आणि शनिवारच्या बॅगेची गरज उरत नाही.

पहिले तीन आठवडे त्रास होईल, तो परचेस खात्याकडून. तोंडी ऑर्डरवर त्यांची भिस्त असते, कारण स्टीलचा भाव दिवसागणिक हलतो आणि ‘आत्ता हो म्हणा, कागद मागून पाठवतो’ ही बाजाराची रीत आहे. त्यावर तोडगा असा : महिन्याची अंदाजे गरज एका खुल्या पीओत टाका, भावाचा रकाना रिकामा ठेवा, आणि फोनवर भाव ठरताच त्याच पीओखाली फक्त भाव आणि टन भरा. मोबाईलवर एका मिनिटाचं काम आहे. मागच्या तारखेची पीओ मात्र सिस्टिममधून बंदच करा. ती वाट उघडी राहिली तर बाकी सगळं व्यर्थ.

आणखी एक. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५. मुदत माल पोचल्यापासून मोजतात. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी करावी लागते. चलन आठ दिवस साईटवरच पडून असेल, तर तक्रारीची अर्धी मुदत तिथेच गेली.

प्रश्न : सळई आम्ही काट्यावर घेतो आणि साईटला बारबेंडिंग शेड्यूलप्रमाणे (सळई कापायच्या-वाकवायच्या तक्त्याप्रमाणे) देतो. सिस्टिममध्ये १२ मि.मी.चा साठा सतत उणे दिसतो. साठ्यात माल डोळ्यांनी दिसतोय आणि स्क्रीनवर उणे! चोरी तर नाही ना, असं मालक विचारतात.
– स्टोअरकीपर, भांडुप

चोरी असती तर उलट झालं असतं : स्क्रीनवर माल, जागेवर नाही. तुमचा घोळ दोन वजनांचा आहे.

सळईचं सैद्धांतिक वजन मि.मी.तल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, इतके किलो दर मीटरला. १२ मि.मी.चं ०.८८८ किलो. १२ मीटरच्या एका सळईचं १०.६६. समजा गाडीत ३०० सळया आल्या, तर हिशोबाने ३,१९७ किलो. पण काट्यावर भरल्या ३,०८५. साडेतीन टक्के कमी. यात सळई बनवणाऱ्या गिरणीने लबाडी केली असं नाही. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे १० मि.मी.पर्यंतच्या सळईला अधिक-उणे ७ टक्के, त्यावर १६ पर्यंत ५ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के इतका वजनातला फरक चालतो. तुम्ही आवक टाकली ३,०८५ ची. शेड्यूल सैद्धांतिक वजनाने बनलेलं, त्यामुळे त्याच ३०० सळया देताना जावक पडली ३,१९७ ची. एका गाडीत ११२ किलो उणे, माल एक इंचही न हलता.

गेटवर सळयांची संख्या आणि काट्याचं वजन, दोन्ही घ्या. साठा व्यासानुसार मीटरमध्ये किंवा नगात ठेवा. पैसे काट्याच्या वजनावर द्या. प्रत्येक लॉटला प्रत्यक्ष वजन प्रति मीटर काढा (इथे ०.८५७) आणि खर्च काढताना तोच आकडा वापरा. हा आकडा चालणाऱ्या फरकाच्या बाहेर गेला, म्हणजे १२ मि.मी.ला ०.८४४ च्या खाली आला, की सिस्टिमने लाल दिवा दाखवावा. मग लॉट बाजूला ठेवून मीटरभराचे तुकडे तोलून पाहा. बंडल मोजताना टॅगवरच्या संख्येवर विसंबू नका. दर दहातलं एक बंडल सोडून मोजा.

तुकड्यांचाही रकाना हवा. १२ मीटरमधून ३.८ मीटरचे तीन तुकडे निघतात आणि ०.६ मीटर उरतो, म्हणजे ५ टक्के भंगार. तेच ४.२ मीटरचे तुकडे काढले तर दोनच निघून ३.६ मीटर उरतो, आणि तो मात्र भंगार नाही. एक मीटरच्या वरचा प्रत्येक तुकडा साठ्यात परत घ्या, नाही तर बारबेंडर नवी सळईच कापणार. त्याला तेच सोपं.

प्रश्न : स्लॅबच्या दिवशी आरएमसीच्या (प्लांटमध्ये तयार केलेल्या काँक्रीटच्या) गाड्या एकदम पाच येतात, मग पाऊण तास शुकशुकाट. प्लांटच्या अ‍ॅपवर सगळं हिरवं दिसतं. अ‍ॅप असून उपयोग काय?
– साईट इंजिनीअर, अंधेरी पूर्व

अ‍ॅप गाडी कुठे आहे ते सांगतं. गाडी कधी निघावी हे कोणीच ठरवलेलं नाही, आणि डिस्पॅचर मोकळी दिसेल ती गाडी भरून सोडतो.

तुमचा स्लॅब ६० घनमीटरचा धरू, सहाच्या दहा गाड्या. मुंबईतल्या साईटवर पंपाचा कागदावरचा वेग विसरा. पाइप जोडणं, बीमच्या जाळीत व्हायब्रेटर घालणं धरून तासाला २४ घनमीटर मिळाले तरी चांगलं. म्हणजे दर पंधरा मिनिटांनी एक गाडी. भरायला १५ मिनिटं, यायला ४५, पंपाला लागून रिकामी होऊन हलायला वीस, परतायला ४०, असा दोन तासांचा फेरा असेल तर आठ गाड्या लागतील. संध्याकाळी तोच फेरा अडीच तासांचा झाला की दहा.

आता एकदम आलेल्या पाचांतली शेवटची बघा. भरण १५, प्रवास ४५, पुढच्या चार गाड्या रिकाम्या होईपर्यंत ६०. तिचं तोंड उघडतानाच १२० मिनिटं झाली. आयएस ४९२६ मध्ये भरल्यापासून साधारण दोन तासांत काँक्रीट ओतायचं आहे. रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन) असेल तर ठरवून जास्त. अशा वेळी ड्रायव्हर पाण्याचा पाइप हातात घेतो, स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) छान दिसतो आणि २८ दिवसांनी क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) चाचणीत नापास होतात. गेटवर पाणी घालायचं नाही. अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) लागलंच तर प्लांटच्या तंत्रज्ञाने मोजून घालावं आणि त्याची नोंद व्हावी.

करार करतानाच पद्धत बदला : पहिल्या तीन गाड्या ठरल्या वेळी, त्यानंतर प्रत्येक गाडी तुमच्या मागणीवर. साईटवर एक गाडी रिकामी व्हायला लागली की ‘पुढची सोडा’ हे बटण तुमच्या माणसाने दाबायचं. नोंदवायच्या वेळा चार : प्लांटमध्ये मिश्रण झालं, गेटवर पोचली, ओतायला सुरुवात, संपली. पहिली वेळ बॅच स्लिपवरची घ्या, प्लांटच्या फाटकातून निघाल्याची नको. तिथेच वीस मिनिटं हरवतात. गेटवर ‘पोचली’ हे जीपीएसवर सोडू नका. अरुंद गल्लीत, उड्डाणपुलाखाली उभी असलेली गाडीही त्याला तुमच्या आवारातली वाटते.

शेवटच्या दोन गाड्या राखून ठेवा. दोन-तीन गाड्यांचं काम उरलं की टेप टाकून उरलेला भाग मोजा. ११ × ८ मीटर, जाडी १५० मि.मी., तर १३.२ घनमीटर, बीम वेगळे. मग नेमकी मागणी द्या. नाही तर चार घनमीटर काँक्रीट पार्किंगच्या कोपऱ्यात जातं. काँक्रीट किती आलं याची शंका असेल तर एखादी गाडी भरलेली आणि रिकामी अशी काट्यावर घाला : घनमीटरला सुमारे २,४०० किलो, सहाचे १४.४ टन. एक घनमीटर कमी असेल तर काटा लपवणार नाही.

क्यूबवर गाडीच्या स्लिपचा नंबर लिहा, नुसती तारीख नको. ६० घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे पाच नमुने, दर नमुन्याला तीन म्हणजे पंधरा क्यूब. त्यातले कोणते कोणत्या गाडीतले हे कळलं नाही तर अख्ख्या स्लॅबवर संशय येतो.

प्रश्न : क्रश सँडचं (दगड फोडून केलेल्या वाळूचं) बिल ब्रासमध्ये येतं, सिस्टिम टन मागते. पावसाळ्यात हिशोब लागतच नाही.
– अकाउंटंट, बोरिवली

ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. त्याला एकच ठरावीक टनांचा आकडा लावून ठेवलात तर घोळ होणारच. ओली वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना आकारमान वीस-तीस टक्के वाढू शकतं, त्यामुळे ब्रासने घेतली तर वाळू कमी मिळते. टनाने घेतली तर पाण्याचे पैसे जातात : तेवढ्याच ओलीला दहा टनांत पावणेपाचशे किलोच्या आसपास पाणी. टनाचा तोटा निदान मोजता येतो. ५०० ग्रॅम वाळू तव्यावर सुकवा. ४७६ भरली तर २४ भागिले ४७६, ओल ५ टक्के. पीओत ‘कोरड्या वजनावर’ असं लिहा, काटा पावतीशेजारी ओलीचा रकाना ठेवा.

प्रश्न : ई-इन्व्हॉइसचा क्यूआर कोड स्कॅन केला की माल आपोआप आवक होईल, असं विक्रेता सांगतो. खरं का?
– परचेस विभाग, विक्रोळी

अर्धं खरं. त्या कोडमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन (करासाठीचा मालाचा कोड) आणि आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) असतो. कोणत्या व्यासाची किती सळई, हे त्यात नाही. टायपिंगच्या चुका वाचतील आणि तेच बिल दोनदा चढणार नाही, एवढा फायदा नक्की. पाच कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं नाही, त्यामुळे नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याच्या बिलावर बहुधा तो कोड सापडणार नाही.

प्रश्न : आमचे स्टोअरकीपर काका तीस वर्षं रजिस्टर लिहितायत. मोबाईलवर एन्ट्री करायला तयार नाहीत. काय करावं?
– साईट मॅनेजर, घाटकोपर

आधी तो फॉर्म स्वतः भरून पाहा, एका हातात छत्री धरून. वीस-बावीस रकाने असतील तर काकांचं बरोबर आहे. गेटवर सहा पुरतात : पीओ (यादीतून निवडायची), गाडी नंबर, नग, काट्याचं वजन, चलनाचा फोटो, आणि माल ठीक की नाही. पुरवठादार, दर, ग्रेड हे पीओतून आपोआप यायला हवं. अ‍ॅप नेटवर्कशिवाय चालतं का, हे दुसऱ्या बेसमेंटमध्ये उभं राहून तपासा. डेमो ऑफिसातल्या वायफायवर घेऊ नका. चलनावर क्रमांकाचा शिक्का मारायची सवय ठेवा, म्हणजे फोन बंद पडला तरी नंतर जुळवता येतं.

दोन महिने रजिस्टर आणि मोबाईल दोन्ही चालू द्या. तेवढ्या काळात एन्ट्रीच्या वेळा बघत राहा. गाड्या दिवसभर आल्या आणि नोंदी संध्याकाळी सात ते साडेसातमध्ये एकगठ्ठा पडल्या असतील, तर काका रजिस्टरवरूनच उतरवतायत. तेव्हा फॉर्ममधला आणखी कोणता रकाना काढता येईल, हे त्यांनाच विचारा.