रिपोर्ट चांगला आला, मग अंगात ताकद का येत नाही?

“डॉक्टर म्हनते सारं नील आहे. मंग दोन भाकरी थापल्या का मले बसा काहून लागते?”

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंना इथे ‘मोठ्या बाई’ म्हणते. घरात त्या थोरल्या सून, सगळे ‘मोठी’ म्हणूनच हाक मारतात. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, एवढंच पुरे. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र बदलायची गरज नाही, कारण तो त्यांच्या एकटीचा नाहीच. कॅन्सरचे उपचार संपवून गावी परतलेल्या दर दुसऱ्या-तिसऱ्या बाईकडून मी, त्यांची समुपदेशक, तो ऐकते. त्यामागे आणखी एक प्रश्न असतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, नवरा पाणी आणायला बाहेर गेला की येतो: आत अजून काही राहिलं तर नाही ना?

मोठ्या बाई ४८ वर्षांच्या. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग दर २१ दिवसांनी एक अशा ८ केमो, त्यानंतर १५ शेक, म्हणजे रेडिएशन. होळीच्या सुमारास उपचार संपले. गावात पेढे वाटले, सत्यनारायण झाला. डोक्यावर केस आले ते कुरळे आले, त्याचंही कौतुक झालं. रोज एक हार्मोनची गोळी, ती पाच वर्षं घ्यायची, एवढंच मागे राहिलं. म्हणजे घरच्यांना तसं वाटलं.

मे महिन्यात त्या नवऱ्याबरोबर पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, तेव्हा मी एक चूक केली. त्यांचा थकवा ऐकला, वाळलेला चेहरा पाहिला आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊंना, म्हटलं, “वर्षभर यांना काम सांगू नका. पूर्ण आराम.” हे वाक्य बोलायला सोपं असतं. बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही आपली दखल घेतल्यासारखं वाटतं. भाऊ शब्दाला जागणारे निघाले. घरी गेले आणि पाण्याचा गुंड, झाडू, चूल, सारं लहानीकडे, म्हणजे धाकट्या जावेकडे दिलं. अंगणातल्या कडुलिंबाखाली मोठ्या बाईंची बाज टाकली.

त्या बाजेवर त्या सहा महिने बसून होत्या.

खरं तर मी आधी दोन गोष्टी करायला हव्या होत्या. एक, थकव्याचं शरीरातलं कारण शोधायला डॉक्टरांकडे परत पाठवायचं. पुढे तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ निघालं. आपल्याकडच्या बाईला हे नवीन नाही, पण ते तसंच ठेवून ‘मन खंबीर करा’ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. थायरॉइड, साखर, झोप, हेही पाहावं लागतं. मोठ्या बाईंना रात्री चार-चार वेळा अंगातून वाफा निघाल्यासारखं होई, घामानं जाग येई. तो गोळीचा परिणाम होता. त्यांनी कुणाला न सांगता आठवड्यातून दोनदा गोळी चुकवायला सुरुवात केली होती. हे मला नोव्हेंबरात कळलं. (गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. मनानं बंद करू नका.)

दुसरी गोष्ट आपल्या समजुतीच्या उलट आहे. कॅन्सरच्या उपचारानंतरचा थकवा हा दिवसभर निंदण करून आलेल्या थकव्यासारखा नसतो. निंदणाचा थकवा झोपलं की उतरतो, हा उतरत नाही. काही जणींना तो उपचार संपल्यावर महिनोन्‌महिने राहतो, कधी वर्षाहूनही जास्त. आणि सारखं पडून राहिलं तर स्नायू आणखी ढिले पडतात, थकवा वाढतो. त्यावर आजवर सगळ्यात चांगलं लागू पडलेलं औषध म्हणजे बेतानं, रोज, थोडी थोडी हालचाल. मी नेमकं तेच काढून घेतलं होतं.

बाजेवर बसलेल्या बाईला गाव बघतं. “मोठीचे मजा आहे बाप्पा,” असं एकीनं जाता जाता म्हटलं. दुसरी म्हणाली, “दिसते तर चांगली.” दोन्ही वाक्यं मोठ्या बाईंनी मला जशीच्या तशी ऐकवली, आवाजासकट. त्यातून त्यांनी स्वतःच हिशेब मांडला: घरचे काम देत नाहीत, म्हणजे यांना डॉक्टरनं काही तरी सांगितलं आहे, जे मला सांगत नाहीत.

मग पोळा आला. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं त्या दिवसातून निघालं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो बसले होते. पण योजनेत नागपूरच्या सगळ्या खेपा बसत नाहीत, सोबत आलेल्या माणसाचं जेवण बसत नाही, बुडालेले दिवस बसत नाहीत. त्यासाठी घरची बैलजोडी विकली होती. पोळ्याला गावातली जनावरं सजून तोरणाखाली गेली आणि यांच्या दारात ओवाळायला मातीचे बैल. भाऊ म्हणाले, “जाऊ दे, जोडी म्हातारीच झाल्ती.”

“म्हातारी काहाची, म्याडम,” मोठ्या बाई मला म्हणाल्या. “सहादाती होती. मले काय दात मोजता येत नाई?”

त्या दिवशी त्यांनी ठरवलं की जोडीचे पैसे आपण फेडायचे. कापसाची वेचाई सुरू झाली की वावरात जायचं. कुणाला सांगायचं नाही.

दिवाळीनंतर एक दिवस भाऊ सोयाबीन घेऊन तालुक्याला गेले. मोठ्या बाई लहानीच्या मागं वावरात गेल्या. कमरेला फडकं बांधलं आणि पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात शिरल्या. दोनेक तास वेचलं. खूप दिवसांनी हात चालत होते, छान वाटत होतं, असं त्या म्हणाल्या. मग फडक्यातल्या पांढऱ्या कापसावर लाल ठिपके दिसले. चार-पाच ठिकाणी.

“लहाने, पाह्य वो, कोनाचं रगत लागलं, माल खराब होते,” त्या जावेला म्हणाल्या.

लहानीनं आपली बोटं पाहिली. मग यांची पाहिली.

वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणाऱ्या प्रत्येकीला ती लागतात, ‘स्स’ करून बोट तोंडात जातं, काम पुढे चालतं. मोठ्या बाईंना लागलेलं कळलंच नव्हतं. केमोच्या काही औषधांनी बोटांच्या आणि तळपायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो, काहींचा रेंगाळतो. त्यांच्या पायातून चप्पल निघून मागे राहायची आणि दहा पावलांवर कळायचं, हे त्यांनी आधी हसत सांगितलं होतं. मीही हसले होते. तेव्हाच विचारायला हवं होतं की बोटांचं काय.

दोन दिवसांनी डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला, फुगला, तव्यासारखा गरम. ताप भरला. त्यांनी तो पदराखाली लपवला, आणखी एक दिवस. शेवटी आशाताई गोळ्यांची चौकशी करायला आल्या, त्यांनी पदर बाजूला केला आणि तशाच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. अँटिबायोटिक सुरू झालं, हात वाचला. ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्यांनी एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवावं: त्या बाजूचा हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हळदीचा लेप लावून सकाळची वाट पाहायची नाही.

त्यानंतरच्या भेटीला भाऊ चिडलेले होते. बियाण्याच्या पिशवीतून फाईल काढून टेबलावर आपटली. “तुमी सांगतलं आराम, म्या दिला आराम. अन् हे चोरून वावरात जाते!” मोठ्या बाई भिंतीकडे बघत होत्या.

मी त्यांची माफी मागितली. दोघांचीही. समुपदेशकानं माफी मागितलेली लोकांना फारशी माहीत नसते, भाऊ गोंधळलेच. मग मी हाताचं समजावायला घेतलं: शरीरात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरतं, ते काखेतल्या गाठींतून निचरतं, गाठी काढल्या की...

“चिबाडते म्हना ना,” भाऊ मध्येच बोलले. “नाली बुजली का वावर चिबाडते.”

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. चिबाडलेल्या वावरात काय करायचं हे शेतकऱ्याला माहीत असतं. वावर पडीक टाकत नाहीत. निचरा करतात, बेतानं वापरतात. हात वापरायचा, कारण स्नायू हलले की ते पाणी सरकतं. पण एकदम ओझं टाकायचं नाही, आणि कातडी फाटू द्यायची नाही. फिजिओथेरपिस्टकडून हाताच्या मापाची दाबाची बाही मिळाली, भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम मिळाला. घरात जिथपर्यंत बोटं पोचतात तिथे लहानीच्या पोरानं खडूची रेघ मारली.

मग कामाची वाटणी त्या दोघांनीच केली, मी फक्त मध्ये बसले होते. हे मला आता महत्त्वाचं वाटतं. “काम करू नको” आणि “आता तर बरी झालीस, कर” या दोन्ही हुकमांत बाईला कुणी विचारत नाही. आम्ही विचारलं. पाणी भरायचं नाही, असं भाऊ म्हणाले. अर्धा गुंड, उजव्या कमरेवर, असं त्या म्हणाल्या, आणि तेच ठरलं. चालायचं लाइटच्या खांबांच्या मापानं: घरापासून चार खांब जायचं, परत यायचं, दर आठवड्याला एक खांब वाढवायचा. ज्या दिवशी ताप, त्या दिवशी सुट्टी. ज्या दिवशी फार बरं वाटतं, त्या दिवशीही तेवढंच. या शेवटच्या अटीवर त्या बराच वेळ भांडल्या. पण चांगल्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं आणि पुढचे तीन दिवस बाजेवर, हाच तर थकव्याचा सापळा.

वेचाईचं काय? मोजे घालून कापूस वेचता येत नाही, हे मला त्यांनी हसून सुनावलं. तोडगा त्यांचाच: डाव्या हातात मोजा आणि भाऊंचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, वेचायचं फक्त उजव्यानं, एक तास. घरी आलं की साबणानं हात धुऊन लहानीनं उजेडात दहाही बोटं पाहायची, कारण त्यांची बोटं त्यांना सांगत नाहीत. आणि संध्याकाळी वजनकाट्यापाशी त्यांनी बसायचं. कुणी किती किलो वेचला, कुणाच्या मालात कचरा, कुणाला किती मजुरी, हा हिशेब आजारापूर्वी त्याच ठेवायच्या. मधल्या काळात तो भाऊ ठेवत होते आणि, बायकांच्या मते, वाईट ठेवत होते.

‘आत काही राहिलं का’ या भीतीचं काम मात्र वाटून देता येत नाही. पाठ दुखली की तेच, खोकला आला की तेच. नागपूरच्या तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस आधी जेवण जात नाही. मी त्यांना भीती घालवायला सांगितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनात नवीन दुखण्याची एक बारीक फुली मारायची. दोन आठवडे फुल्या सलग आल्या किंवा दुखणं वाढत गेलं, तर तारखेची वाट न पाहता फोन करायचा. नवी गाठ लागली, धाप लागली, तर फुली-बिली काही नाही, लगेच यायचं. डिसेंबरात पाठदुखीच्या पाच फुल्या झाल्या आणि थांबल्या. रात्रीचं मन फारच उडालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. लावला की नाही, मी विचारलं नाही.

एक गोष्ट त्या निघता निघता सांगून गेल्या, भाऊ एसटी बघायला पुढे गेल्यावर. ब्लाउजमध्ये डावीकडे भरायला त्यांनी आपल्याच वावरातला कापूस घेतला होता, सरकी काढून. पण तो हलका, वर सरकायचा. मग त्यात मूठभर जवसाची पुरचुंडी शिवली. “आता बराबर बसते,” म्हणाल्या, आणि मला हात लावून पाहायला सांगितलं. मी पाहिलं. बराबर बसत होती. दवाखान्यात हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं, मीही नाही.

संक्रांतीनंतर दोघं परत आले. हिमोग्लोबिन १०.६. खांब अकरा झाले होते. थकवा गेला का, तर नाही, दुपारी तासभर आडवं व्हावंच लागतं, आणि आता त्या दार लोटून घेतात. वेचाईची वही सोबत आणली होती, मला दाखवायला. बायकांची नावं, पुढे किलो: ३२, २८, ३५. सगळ्यात खाली भाऊंच्या अक्षरात ‘मोठी – ४.५’.

“तुमचं तुम्ही लिहिलं नाही?” मी विचारलं.

“आपलं आपन लिवत नसतात, लोकं नावं ठेवते. म्हून ह्याइले लिवाले लावलं,” त्या म्हणाल्या, आणि बोटानं तो आकडा ठोकला. “पावनेपाच होते. ह्याइनं साडेचार लिवले.”