सकाळच्या दुधावर कालची तारीख

प्रश्न : सर, गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे, पावतीचा प्रोग्राम मी स्वतःच जावास्क्रिप्टमधे लिहिलाय. संध्याकाळची पावती बरोबर निघते पण पहाटे ५ ला कुणी किटली घेऊन आलं की पावतीवर कालची तारीख यायलीय, सहा वाजले की तोच प्रोग्राम एकदम शहाणा. परवा १ तारखेचं सकाळचं दूध मागच्या दहा दिवसाच्या बिलात गेलं तर एका काकांनी पावती माझ्या नाकासमोर धरली न म्हणले, पोरा तुझं मशीन झोपेत हाय का? तारखेसाठी मी न्यू डेटला टू-आयएसओ-स्ट्रिंग लावतो आणि पहिली १० अक्षरं कापून घेतो. चुकतंय कुठं?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : मशीन झोपेत नाही, ते यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेवर चालायलंय. न्यू डेट बरोबरच आहे, ते कॉम्प्युटरच्या घड्याळातून आत्ताचा क्षण उचलतं आणि आत १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद म्हणून ठेवतं, तिथं गाव-देश काही नसतो. गडबड टू-आयएसओ-स्ट्रिंगची, ते त्या क्षणाची तारीख-वेळ अक्षरांत लिहून देतं, पण कायम यूटीसीतच लिहितं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे औशात पहाटेचे ५ वाजून १० मिनिटं झाले तर तिथं अजून आदल्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटंच, तुम्ही १० अक्षरं कापली की कालची तारीख हातात. बरोबर साडेपाचला तिकडं दिवस बदलतो, म्हणून सहाला सगळं गुण्यागोविंदानं.

त्याजागी टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग वापरा. त्याच्या कंसात पहिल्या जागी 'एन-जीबी' (ब्रिटिश इंग्रजी) दिलं की दिवस/महिना/वर्ष असं येतं, ५ चं ०५ पण तेच करतं. 'एमआर-आयएन' (भारतातली मराठी) दिलं तर आकडे मराठीत येतात, काकांना तेच आवडंल. दुसऱ्या जागी टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहूनच टाका, उद्या प्रोग्राम बाहेरच्या सर्व्हरवर चढवला तरी तारीख हलणार नाही. वेळ पाहिजे तर टू-लोकेल-टाइम-स्ट्रिंग.

हातानं दिवस-महिना-वर्षाचे तुकडे जोडायच्या फंदात पडू नका, पडलातच तर गेट-मंथ महिने शून्यापासून मोजतं, जानेवारी म्हणजे ०, तिथं १ मिळवा. आणि गेट-डे म्हणजे तारीख नाही, वार! तारीख गेट-डेट देतं. ह्या नावांनी भल्याभल्यांना रडवलंय.

जुन्या नोंदींचं मात्र अवघड आहे. पूर्ण स्ट्रिंग, म्हणजे तारीख-वेळेची सगळी अक्षरं, साठवली असती तर नुसती नवीन पद्धतीनं दाखवली की झालं असतं, पण तुम्ही वेळच कापून टाकलीय, त्यामुळं आता वहीशी ताडून बघावं लागंल. सुरुवात १, ११ आणि २१ तारखेच्या पहाटेपासून करा, बिलाचं भांडण तिथंच आहे.